साडेबावीस इंच

मेश्रामकाका बसत नसत. खुर्ची पुढे केली तर तिच्या पाठीवर कुणाचा तरी ओव्हरकोट अडकवत आणि मग त्या कोटाभोवतीच फेऱ्या मारत. कॉलर उचल, बाही ओढ, दोन पावलं मागे जा, डोळे बारीक कर, पुन्हा पुढे ये. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे आपणही चालायचं. मी त्यांच्याबरोबर दुकानातल्या दुकानात इतका चाललोय, की तेच अंतर सरळ रेषेत कापलं असतं तर हॅमिल्टनहून नागपूरला पोचलो असतो आणि तिथून त्यांना फोन केला असता, की काका, आता तरी टेका.

दुकान न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या ‘ते रापा’ नावाच्या भागात होतं. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला सोफ्यांचं भलंमोठं गोदाम, आणि मध्ये आम्ही: पुरुषांचे समारंभी कपडे भाड्याने मिळतील. मालक ग्रॅहम गल्ल्यावर, इथल्या मूळ माओरी लोकांतली, हिने नावाची बाई मागच्या खोलीत शिवणाच्या मशीनवर, आणि शनिवारी मेश्रामकाका. सोमवार ते शुक्रवार ते जवळच्याच दूध पावडरीच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरीला होते. पगार चांगला होता. दुकानात ते का येतात हे ग्रॅहमलाही कळलं नव्हतं. एकदा हॅट घ्यायला आले आणि जाताना तीन गिऱ्हाइकांना हॅट विकून गेले, एवढंच तो सांगायचा.

माझी त्यांची ओळख माझ्या फजितीतून झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच झाल्या आहेत. २०११ साली मी पुण्याहून इथे मॅनेजमेंटचा डिप्लोमा करायला आलो. पुढच्या हिवाळ्यात आपल्या मराठी मंडळींचं वार्षिक जेवण ठरलं आणि कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की या वेळी ब्लॅक टाय. मी काळा डिनर सूट भाड्याने आणला, बो टाय लावली, आरशात पाहिलं आणि स्वतःवर इतका खूष झालो की थंडी वाजेल म्हणून त्यावर नारिंगी पफर जॅकेट चढवलं आणि डोक्याला लोकरीची कानटोपी. हॉलच्या दारात एक सडपातळ गृहस्थ येरझाऱ्या घालत होते. डोक्यावर करडी फेल्ट हॅट, अंगात गुडघ्याखाली जाणारा काळा ओव्हरकोट. मला पाहून ते थांबले, माझ्याभोवती एक पूर्ण चक्कर मारली आणि म्हणाले, “शर्ट बाहेर राहिला तर आई ओरडते. तुझा तर कोट बाहेर राहिला बे.”

खरंच, पफर कमरेपर्यंतच होतं आणि त्याखालून डिनर जॅकेट वीतभर लोंबत होतं. मी म्हटलं, काका, आत गेल्यावर काढणारच आहे. ते म्हणाले, “मग आतच बदलायचा ना सूट. लोक तुला आधी कुठे पाहणार? इथेच ना, दारात?”

आणि त्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्यांना वाट देत, त्यांनी माझी शिकवणी घेतली. वरचा कोट आतल्या कोटापेक्षा लांबच हवा. डिनर सूटवर तो काळा, नाहीतर गडद निळा, नाहीतर कोळशाच्या रंगाचा. तपकिरी कधीच नाही. डोक्यावर होम्बर्ग, म्हणजे कडा वळलेली, मध्ये एकच खळी असलेली कडक हॅट. शेपटीवाला कोट असेल तर उंच टॉप हॅट, आणि तिथे ओव्हरकोट शेपटीच्याही खाली जायला हवा. “हॅट आणि कोट म्हणजे गाडीपासून दारापर्यंतचा पोशाख. तेवढं अंतर नीट चालला, तर आत काहीही कर.” आत जाऊन मी पुरणपोळीचं तूप सूटवर सांडलं, पण ते त्यांच्या अखत्यारीत येत नव्हतं.

डिप्लोमा झाल्यावर मला नोकरी मिळेना, तेव्हा त्यांनीच मला दुकानात लावलं. ग्रॅहमला म्हणाले, याला ठेव, याला काहीच येत नाही, म्हणजे आधीचं खोडत बसावं लागणार नाही. मला ते नावाने हाक मारत नसत. माझं नाव ‘पुणेकर’.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर सगळ्या हलत्याच होत्या. गळ्यात माप घ्यायची टेप, आणि तिचं टोक सारखं मांडीवर आपटत. काचेतून रस्त्यावरची डोकी पाहायची आणि पुटपुटायचं: सव्वाबावीस, लांबट. तेवीस, गोल. हा टायरवाला, पावणेचोवीस, याला विकत घ्यावी लागेल, भाड्यात नाही मिळत. पैज लावून मी कितीदा तरी टेप घेऊन टायरवाल्याच्या मागे धावलो आणि कितीदा तरी कॉफी हरलो. फेल्ट हॅटवर ब्रश नेहमी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचे. माझा एकदा सुलट फिरला, तर मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवल्यासारखे शहारले. घरंही त्यांची टिकत नसत. मी ओळखायला लागल्यापासून त्यांनी चार भाड्याची घरं बदलली. प्रत्येक वेळी कारण वेगळं: इथे सकाळचं ऊन नाही, तिथे शेजारी लॉन फार कापतो. मेश्रामकाकू म्हणायच्या, मी आता पडदे शिवतच नाही, नुसत्या चादरी अडकवते.

पण प्रत्येक घरात सामान लागायच्या आधी एक तसबीर लागायची. निळा सूट, लाल टाय, गोल चष्मा. कोणाची ते मराठी माणसाला सांगायला नको. ती लावताना मात्र काका स्थिर असत. हातात लेव्हल घेऊन.

त्या तसबिरीखाली मी एकदा विचारलं होतं, काका, तुमच्याकडे आधीपासूनच हॅट घालायची आवड का? ‘तुमच्याकडे’ म्हणजे विदर्भात, असं मला म्हणायचं होतं. निदान मी स्वतःला तसं सांगतो. ते हसले आणि म्हणाले, “आमच्याकडे काढायची सवय होती.” मला वाटलं विनोद आहे. मी हसलोसुद्धा.

त्या हसण्याचा हिशेब एका टॉप हॅटने चुकता केला.

शनिवारी दुपारी मागच्या खोलीत आम्ही एकत्र जेवायचो. एकदा एका लग्नाची ऑर्डर परत आली होती. हातातली टॉप हॅट मी जेवणाच्या टेबलावर ठेवली, माझ्या पोळीभाजीच्या डब्याला लागून. हिनेने ते पाहिलं. उठली, हॅट उचलली, शेल्फवर ठेवली, टेबल पुसलं आणि पुन्हा बसली. मी विसरूनही गेलो. पण काकांच्या हातातला घास खाली आला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढचे दोन शनिवार हिनेशी बोलले नाहीत, टेप मांडीवर इतक्या जोरात आपटत होते की ग्रॅहमने विचारलं, माशी आहे का.

तिसऱ्या शनिवारी ते तिच्या मशीनसमोर जाऊन उभे राहिले. उभे म्हणजे, या पायावरून त्या पायावर. आणि त्यांनी विचारलं, त्या दिवशी काय बाटलं? टोपीने अन्न, की अन्नाने टोपी? आणि कोणाची टोपी बाटवते आणि कोणाची नाही, तेही सांग.

हिने साठीची बाई. तिने पायडलवरचा पाय काढला. बाटण्याचा प्रश्न नाही, असं ती समजावत होती. डोकं म्हणजे माणसाचा सगळ्यात पवित्र भाग. अन्न ही रोजची, साधी गोष्ट. दोन्ही आपापल्या जागी ठेवायची, म्हणून डोक्यावरची वस्तू जेवणाच्या टेबलावर येत नाही, आणि उशीवर कोणी बसत नाही. काकांनी एकच विचारलं.

“कोणाचंही डोकं?”

“एनीबडीज, लव्ह. तुझं, माझं, ग्रॅहमचं टकलू.”

काका बाहेर निघून गेले. मी पाठोपाठ. सोफ्यांच्या गोदामाला त्यांनी दोन चकरा घातल्या, आणि तिसरीत मला गोष्ट सांगितली.

भंडाऱ्याकडचं गाव. त्यांच्या आजोबांनी बहिणीच्या लग्नासाठी नवं पागोटं घेतलं होतं. वाट पाटलाच्या दारावरून. दार जवळ आलं तशी आजोबांनी वहाणा हातात घेतल्या, पागोटं काढून काखेत मारलं आणि मान खाली घालून पुढे झाले. तशी रीतच होती. मागे त्यांचं बोट धरून सहा वर्षांचा मुलगा चालत होता, म्हणजे काकांचे वडील. ओट्यावरून कोणीतरी हसलं. घरी आल्यावर मुलाने स्वतःची छोटी टोपी नाल्यात टाकली. त्यानंतर त्या माणसाने डोक्यावर काहीही घातलं नाही. नागपूरला गिरणीत लागला, मे महिन्यात अख्खं शहर डोक्याला दुपट्टे बांधून फिरायचं, हा उघड्या डोक्याने. का, तर जी वस्तू कोणी काढायला लावू शकतो, ती घालायचीच नाही.

“माझ्या लग्नातही बाबांनी फेटा नाही बांधला,” काका म्हणाले. “मला एकदा पाहायचं आहे त्यांना. कोट, हॅट, सगळं. पूर्ण. प्रज्ञाच्या लग्नात. त्यांनी आपल्या मनानं घातली पाहिजे, आणि कोणी काढ म्हटलं नाही पाहिजे. बस, एक दिवस.”

माझ्या आजोबांची काळी टोपी सदाशिव पेठेत खुंटीला असायची. ती त्यांना कोणी कधी काढायला लावली नाही, म्हणून आमच्या घरात तिची गोष्टच नाही. हे मला त्या गोदामाच्या मागे, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळलं. उशीर झाला होता, पण माझा तोच वेग आहे.

प्रज्ञा त्यांची एकुलती एक. सहा वर्षांची असताना इथे आलेली, मराठी सगळं कळणारी आणि उत्तर इंग्रजीत देणारी. तिचं टामाशी जमलं होतं. टामा माओरी, इलेक्ट्रिशियन, आणि योगायोगाने हिनेच्या बहिणीचा नातू. लग्न २०१७ च्या जुलैत, गावाबाहेर टामाच्या घराण्याच्या मराएवर ठरलं. मराए म्हणजे त्या घराण्याची जागा: पुढे हिरवळ, मागे कोरीव खांबांचं सभाघर. आधी त्यांच्या रीतीने स्वागत, मग आत त्रिशरण-पंचशील, मग जेवण. लग्नाला दीड वर्ष होतं, आणि काका त्याच दिवसापासून धावायला लागले.

पहिला प्रश्न मापाचा. वडिलांना विचारायची सोय नव्हती. नागपूरला धाकट्या भावाच्या बायकोला फोन केला, की बाबा दुपारी झोपले की ब्लाउजच्या टेपने डोकं मोज. तिने बिचारीने मोजलं. टेप कपाळावर असताना म्हाताऱ्याने एक डोळा उघडला आणि म्हणाला, “मेल्यावर घ्या ना मापं, घाई कायची?” पण आकडा मिळाला. साडेबावीस. काकांनी तो माझ्या हाताच्या तळव्यावर पेनाने लिहिला, मी विसरू नये म्हणून.

सहा महिन्यांत त्यांनी जोडी जमवली. गडद निळा ओव्हरकोट, मखमली कॉलरचा, आणि त्याच रंगाची होम्बर्ग. ग्रॅहमकडून विकत घेऊन मागच्या खोलीत, रॅकच्या अगदी शेवटी, पांढऱ्या पिशवीत ठेवली. चिठ्ठी लावली नाही. म्हणाले, चिठ्ठी भाड्याच्या कपड्यांना लावतात.

इथे माझा प्रवेश. एका शुक्रवारी दुसऱ्याच कुठल्या लग्नातल्या नवऱ्यामुलाच्या मित्रांची एक टोळी आली. पाच जणांना कपडे झाले, सहावा धिप्पाड, त्याला काही बसेना. मी मागे गेलो, शेवटची पिशवी उघडली, कोट त्याला असा बसला की मी स्वतःच टाळी वाजवली आणि सोबतची होम्बर्गही देऊन टाकली. स्वीट ॲज, तो म्हणाला, म्हणजे एकदम झकास. सोमवारी कोट परत आला तेव्हा त्यात रॅग्लनच्या किनाऱ्यावरची काळी वाळू होती, अस्तरात समुद्र होता, आणि हॅटवर कोणीतरी बसलं होतं. तेव्हाही मी गप्प राहिलो असतो तर थोडक्यात निभावलं असतं. पण मला दुरुस्ती सुचली. स्टाफरूममधली विजेची किटली उकळत ठेवून हॅट मी वाफेवर धरली. काका असंच करतात, हे मी पाहिलं होतं. ते किती वेळ धरतात, हे पाहिलं नव्हतं. आतली चामडी पट्टी आक्रसली. साडेबावीसची हॅट एकवीसवर आली. दहा वर्षांच्या मुलाला छान झाली असती.

काका ओरडले नाहीत. हॅट हातात घेऊन दुकानाच्या या टोकाकडून त्या टोकाला जात राहिले. मी मध्ये उभा. प्रत्येक वेळी माझ्याजवळून जाताना म्हणत, “बरं.” पुढच्या खेपेला पुन्हा, “बरं.” अकरा वेळा. शिव्या परवडल्या असत्या.

शिक्षा म्हणून पुढचे सगळे रविवार मी त्यांचा ड्रायव्हर झालो. नवं काही त्यांना पसंत पडेना. नव्या कापडाला वजन नाही म्हणे. म्हणून ऑप शॉप, म्हणजे दान केलेल्या वस्तूंची दुकानं. हॅमिल्टनची संपली, मग ऑकलंड. गाडीतही त्यांचे पाय चालूच असत. माझ्या गाडीच्या पायपुसण्याला त्यांच्या बाजूने भोक पडलं. कोट माउंट रॉस्किलला मिळाला, कोळशाच्या रंगाचा, इतका जड की हँगर वाकला होता. हॅट मात्र फ्लॅट बुशला, एका नव्याकोऱ्या दुमजली घराच्या गराज सेलमध्ये, टोस्टर आणि गोल्फच्या काठ्यांच्या मध्ये. काळी होम्बर्ग. काकांनी आत टेप फिरवली, एकदा, दोनदा, आणि मग ती माझ्याकडे दिली. मीही टेप फिरवली. साडेबावीस.

जूनमध्ये आजोबा, म्हणजे काकांचे वडील, आले. एक्क्याऐंशी वर्षांचे, ताठ, आणि विमानतळाबाहेरच्या बोचऱ्या वाऱ्यात उघडं डोकं. काकांनी घरच्यांना तंबी दिली होती की हॅटचं नाव काढायचं नाही. ती नुसती हॉलमध्ये खुंटीवर होती, कोटाच्या वर. आजोबा चहा घेता घेता तिच्याकडे पाहायचे, काका आजोबांकडे पाहायचे, काकू दोघांकडे पाहून कपाळाला हात लावायच्या. पाच आठवडे हे चाललं. काका त्या काळात रात्री बागेत फिरत, दिवसा प्रयोगशाळेत फिरत, आणि शनिवारी माझ्याभोवती.

लग्नाच्या सकाळी आजोबांना कपडे घालायचं काम माझ्यावर आलं, कारण काका फोनवर बोलत अंगणात गोल गोल जात होते. सूट झाला. कोट झाला. मी मुद्दाम बुटांना पॉलिश करत बसलो. आजोबांनी खुंटीवरून हॅट काढली. उलटी करून आत पाहिलं. वास घेतला.

“हे कुठं काढा लागते का?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “नाही आजोबा. दिवसाचं लग्न, हिरवळीवर. घातली की घातली.”

“पक्कं?”

“पक्कं. पाच वर्षं हेच करतोय मी.”

त्यांनी ती घातली. आरशात पाहिलं नाही. दाराकडे वळले, तर तिथे काका, फोन कानाला, पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करतोय. तसबीर लावतानाचं सोडलं, तर मी त्यांना पहिल्यांदा पाय न हलवता उभं पाहिलं. त्यांनी कॉलर सारखी करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. सारखं करण्यासारखं काही नव्हतं.

आता वाचकांनी मला हवं ते म्हणावं. मी पाच वर्षं हिनेपासून सहा फुटांवर बसून डबा खाल्ला. एकदा विचारायला काय झालं होतं? काकांनीही विचारलं नाही. गाडीपासून दारापर्यंतचं त्यांना सगळं पाठ होतं. ते दार कोणाचं, हे आम्ही दोघांनीही पाहिलं नव्हतं.

मराएवर आम्ही फाटकापाशी जमलो. आतून बायकांनी लांब सुरात हाक दिली, आणि आम्ही हळूहळू हिरवळ ओलांडून निघालो. आजोबा मध्ये, कोट वाऱ्यात जराही न हलणारा, हॅट सरळ. भाषणं झाली, गाणी झाली. मग सभाघराच्या ओसरीवर सगळे थांबले आणि वाकले. बूट काढत होते. आणि ज्यांच्या डोक्यावर काही होतं ते, तेही काढत होते. सगळ्यात आधी टामाचा आजा, त्याने आपली हॅट काढून ओसरीवरच्या बाकावर ठेवली आणि आत गेला. हिनेने आम्हाला पाहिलं. तिने डोक्याला हात लावून, अगदी हळू, खूण केली.

काकांचा चेहरा मी सांगत नाही. ते माझ्या कानाशी म्हणाले, “त्यांना इथंच थांबव. मी विचारून येतो.” आणि सभाघराच्या मागे, स्वयंपाकघराकडे, टामाच्या काकाला शोधायला धावले. ओव्हरकोटात धावणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

माणसं आत जात होती. हिने गेली. प्रज्ञा आधीच आत होती. ओसरीवर उरलो आजोबा आणि मी. आणि मला वाटलं, निदान बूट काढून ठेवावेत, म्हणजे आजोबांना हात देता येईल. मी खाली वाकलो. बूट दुकानातलेच, पेटंट लेदरचे. नाडीला सकाळी मी दोन गाठी मारल्या होत्या, कारण मी तसाच आहे. एक सुटली. दुसरी सुटेना. दातांनी प्रयत्न करण्याच्या बेतात होतो.

मान वर केली तेव्हा आजोबा नव्हते. बाकावर टामाच्या आज्याच्या हॅटशेजारी काळी होम्बर्ग होती. खाली त्यांचे बूट, टाचा जुळवलेले.

तेवढ्यात काका आले, धापा टाकत. “झालं. ते म्हणाले, राहू द्या डोक्यावर, पाहुणे आहेत, म्हातारे आहेत, काही बिघडत नाही.” मग त्यांना बाक दिसला.

“काढली?”

“हो.”

“कोणी सांगितलं का?”

“नाही,” मी म्हटलं.

“कशी काढली?”

ते इतक्या हळू विचारत होते, की मला खरं बोलायचं धैर्य झालं नाही. मी म्हटलं, ऐटीत. मान ताठ. त्या कोरीव खांबाकडे पाहिलं, आणि आपल्या हातानं काढली. जशी आपल्या घरी काढतात.

काका बाकावर बसले. हॅटच्या बाजूला, पाय जवळ घेऊन. आतून त्रिशरण सुरू झालं तेव्हा उठले आणि बूट काढून आत गेले. आजोबा पहिल्या रांगेत होते. विरळ पांढरे केस, हॅटमुळे कपाळावर उमटलेली लाल रेघ. तोंडावरून काहीही कळत नव्हतं. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या तोंडावरून काही कळायला तो आपल्याला कळू द्यायला राजी असावा लागतो.

त्यानंतर दोन महिने आजोबा इथे होते. काकांनी त्यांना विचारलं नाही. मी म्हटलं, विचारा की. तर म्हणाले, बापाला असं विचारतात का बे. जाताना आजोबांनी कोट ठेवला, नागपुरात कुठं घालू म्हणाले. हॅट बॅगेत टाकली. तिकडे ती कपाटावर आहे, एवढं भावाने कळवलं. घालतात का, ते कळवलं नाही.

बापाऐवजी ते मला विचारायचे. दुकानात, गाडीत, कधी कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत फोन करून. “पुणेकर, ते पुन्हा सांग ना.” आणि मी सांगायचो. आता मला गोष्ट सांगायला दिली की ती वाढते, हा माझा जुना आजार. एकदा आजोबांनी हॅटची कड बाहीने पुसली. एकदा टामाच्या आज्याच्या हॅटकडे पाहून मान हलवली. एकदा तर काढण्यापूर्वी ते किंचित हसले. काका ऐकायचे, टेप मांडीवर आपटायची थांबायची, मग म्हणायचे, बरं, आणि पुन्हा चालायला लागायचे. रात्री मला झोप यायची नाही. कारण त्यांना जे हवं होतं ते एवढंच: बापाने ती स्वतः काढली, की पुन्हा एकदा कोणाच्या तरी दारात काढावी लागली? आणि सांगू शकणारा एकमेव माणूस नाडीशी झटापट करत होता.

२०१९ साली आजोबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. काकांनी कारखान्याची नोकरी सोडली. काकू प्रज्ञाच्या बाळंतपणासाठी थांबल्या, काका एकटे निघाले. मी तोपर्यंत दुकान सोडून एका विमा कचेरीत खुर्चीवर बसायला लागलो होतो. ऑकलंडच्या विमानतळावर सोडायला मीच गेलो. विमानाला दोन तास होते. ते आम्ही चालून काढले. ट्रॉली माझ्या हातात, ते पुढे, करडी हॅट, काळा ओव्हरकोट, नागपूरला बेचाळीस अंश चालू असताना.

मी म्हटलं, काका, एक सांगायचं आहे. ते म्हणाले, सांग, चालता चालता सांग.

“मी पाहिलंच नाही. मी खाली वाकलो होतो. आजोबांनी हॅट कशी काढली, मला माहीत नाही.”

त्यांची चाल मंदावली नाही. “मला माहीत आहे,” ते म्हणाले. “तुझ्या गोष्टीत दर वेळी बाबा वेगळ्या हातानं टोपी काढून राहिले होते.”

“मग मला सारखं विचारत का होतात?”

“दुसरं कोण होतं बे सांगायला?”

आम्ही आणखी एक फेरी मारली. कॉफीच्या टपरीपासून पुस्तकांच्या दुकानापर्यंत आणि परत.

आतल्या दाराशी गणवेशातली एक मुलगी पासपोर्ट पाहत होती. तिच्यापुढे ती पिवळी रेघ होती, माझ्यासारख्यांनी थांबायची. काकांनी माझ्या खांद्यावर थाप मारली, पुढे गेले, पासपोर्ट दिला. तिने फोटो पाहिला, त्यांच्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, “सॉरी सर, हॅट काढता का जरा?”

मी पिवळ्या रेघेवर बुटांची टोकं टेकवून उभा राहिलो. खोकला येत होता, तो दाबला. पापणी मिटू दिली नाही.

उजवा हात वर गेला. टोपीच्या खळीला नाही, कडेला धरली. मान होती तिथेच होती, नजर मुलीच्या नजरेला. हॅट छातीपाशी आली. तिने पासपोर्ट परत दिला, तरी त्यांनी घाई केली नाही. आधी पासपोर्ट आतल्या खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं, मग हॅट घातली आणि झपाझप आत चालायला लागले.

उजवा हात. एवढं मी पाहिलंय.